खांडीतला माणूस

आमच्या फील्ड कंपनीची पोस्टिंग तेव्हा उत्तरेच्या डोंगरात होती. जागेचं नाव सांगत नाही, आणि सांगूनही पनवेलच्या माणसाला त्याचं काही सोयरसुतक नाही. कंपनी एंजिनियर्सची. आमच्या हातात बंदुकीपेक्षा फावडं जास्त वेळ असायचं. रस्ते करायचे, दरडी हटवायच्या, पूल टाकायचे. मी हवालदार होतो. आता करंजाड्याला राहतो आणि पळस्प्याजवळच्या एका कंटेनर यार्डात सिक्युरिटी सुपरवायझर आहे. निळा शर्ट, खांद्यावर दोरी, कमरेला शिट्टी. लोक सलाम ठोकतात, तो शर्टाला असतो. मला ते चालतं.

त्या वर्षी आम्हाला एका नाल्यावर बेली ब्रिज, म्हणजे लोखंडी भाग जोडून होणारा पूल, उभा करायचा होता. नाला म्हटलं की तुमच्या डोळ्यापुढे सोसायटीमागचं गटार येईल. तिकडचा नाला म्हणजे बर्फाचं पाणी. सकाळी गुडघाभर, दुपारी ऊन चढलं की छातीला लागणारं, आणि इतकं गार की हात घातला तर बोटं आपली वाटत नाहीत. पुलाच्या एका टोकाचा पाया नाल्याच्या पात्रातच येत होता. म्हणून वरच्या अंगाला दगड, माती आणि वाळूच्या पोत्यांचा बांध घातला, पाणी बाजूच्या चरातून वळवलं आणि कोरड्या झालेल्या पात्रात पायाचा खड्डा खणला. खड्डा दोन पुरुष खोल. त्यात सळ्यांचा पिंजरा उभा करायचा आणि काँक्रीट ओतायचं. बांध टिकला तर काम. नाही टिकला तर खड्ड्याची विहीर.

प्लाटूनचे साहेब एक कॅप्टन होते. पुण्याचे, एंजिनियर, हुशार. अडचण आली की ते आधी खिशातून पेन्सिल काढायचे. किती पाणी, किती वेग, किती वेळ. गणित सुटलं की चेहरा उजळायचा. असे अधिकारी कमी मिळतात, आणि त्यांच्याविषयी मी इथे काही वाईट बोललो तर माझी जीभ झडेल.

मी वेगळा. मी माणदेशचा. आमच्याकडं पाणी हंड्यात असतं. उन्हाळ्यात ज्याचा त्याचा हंडा ज्यानं त्यानं सांभाळायचा, गवगवा करायचा नाही, हा आमच्या डोक्याचा घाट. फौजेत आलो तेव्हा हेच डोकं ड्रिलला फिट बसलं. अडचण आली की मी पहिल्या नंबरापासून सुरू करायचो. माणसं मोजा. हत्यारं मोजा. मग पुढचं. मंद आहे म्हणायचे मला काही जण. पण माझ्या हाताखालचं काही कधी हरवलं नाही.

आणि तिसरा, नाईक हसुराम म्हात्रे. गाव गव्हाण. आता तिथे उलव्याच्या इमारती दिसतात, तेव्हा खाडी दिसायची. घरी मिठागर आणि खाऱ्या बांधाआडची भातशेती. आडवा बांधा, काळा कुळकुळीत, पायाचे पंजे चिखलात चालून रुंद झालेले. त्याला बुटाचा नंबर मिळायचा नाही.

हसुरामची विचार करायची तऱ्हा मला कधी कळली नाही. एकदा आमची थ्री टन गाडी चिखलात रुतली. साहेबांनी पेन्सिल काढली. मी सामान उतरवून घ्यायला लागलो. हसुराम मात्र गाडीकडे न बघता कॅम्पकडे पळाला. आचारी, न्हावी, ड्रायव्हर, आजारी म्हणून झोपलेले दोघे, सगळ्यांना घेऊन आला. सगळे गाडीभोवती उभे राहिल्यावर मग तो गाडीकडे बघायला लागला की आता करायचं काय. मी त्याला म्हणालो, लेका, माणसं आधी विचार करतात आणि मग माणसं बोलावतात. तुझं उलटंच.

तो हसला. म्हणाला, "आमचे गावान येकट्याचा डोका चालत नाय, हवालदारसाब. मानसा जमली का आपोआप सुचते."

गाडी निघाली. कोणाच्या डोक्याने निघाली ते विचारू नका. साहेबांनी फळी कुठे घालायची ते सांगितलं, मी गाडी हलकी केली होती आणि ढकलायला माणसं हसुरामने आणली होती. तिघांचं जमलं तर डोंगर हलतो. ते रोज जमत नाही, एवढंच.

तो दिवस जेवणापर्यंत साधा होता. खड्ड्यात मी आणि सॅपर, म्हणजे आमच्यातला साधा जवान, गुरनाम, पिंजऱ्याच्या सळ्या तारेनं बांधत होतो. बाकीची माणसं वर. साहेब बांधाच्या वरच्या अंगाला, चर पाहत. हसुराम बांधावर, पोती रचणाऱ्या पार्टीचा इन्चार्ज. दुपारी पाणी रोजच्यापेक्षा लवकर चढलं. डोंगरात वर कुठेतरी काहीतरी सुटलं असणार. बांधाच्या एका कोपऱ्यातून आधी घाम आल्यासारखं पाणी झिरपलं, मग पोतं सरकलं आणि भगदाड पडलं.

पाण्याचा पहिला लोंढा खड्ड्यात आला तेव्हा पिंजऱ्याला टेकू दिलेला वासा निसटला. पिंजरा कलला आणि गुरनामचा पाय खालच्या सळ्यांत अडकला. पोरगा उंच होता, म्हणून तो लगेच बुडाला नाही. पाणी त्याच्या कमरेला, मग पोटाला. मी ओरडलो. वरून दोर आला, हॅक्सॉ आणि पहार आली. मी सळई कापायला घेतली, पाण्याखाली, हाताच्या अंदाजाने.

वर काय चाललंय ते मला दिसत नव्हतं. हे पुढचं मी नंतर प्रत्येकाला वेगवेगळं विचारून जुळवलेलं आहे, आणि सगळ्यांनी एकच सांगितलं.

साहेबांनी ज्या ऑर्डर दिल्या त्या दोन्ही बरोबर होत्या. एक, जेसीबी चरावर न्या आणि चर खोल करा. चर खोल झाला की पाणी तिकडे ओढलं जाईल आणि बांधावरचा जोर उतरेल. दोन, बांध कुठल्याही क्षणी जाईल, तेव्हा कोणीही पाण्यात उतरायचं नाही. रेडिओवर जेसीबीवाल्याला त्यांनी सांगितलं, "चर गहरा करो, अभी के अभी, ओव्हर." तिकडून आलं, "रॉजर, मशीन घुमा रहा हूँ, टाइम लगेगा, ओव्हर." साहेब म्हणाले, "टाइम नहीं है. आउट."

टाइम नाही हे सगळ्यांनी ऐकलं. हसुरामनेही ऐकलं. दुसरी ऑर्डर त्याने ऐकली की नाही, हे कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. त्याने एक ताडपत्री अंगाभोवती ओढली आणि भगदाडात उतरून, पाण्याकडे पाठ करून, दोन्ही बाजूच्या पोत्यांना हात पसरून उभा राहिला. माणूस रुंद होताच. ताडपत्री पाण्याच्या जोराने त्याच्या पाठीला आणि पोत्यांना चिकटली आणि भगदाड जवळजवळ बुजलं. मग त्याने वर उभ्या असलेल्या माणसांकडे पाहून हाक दिली. हिंदीत दिली, सगळ्यांना समजेल अशी.

"आओ. मिट्टी दो. आओ."

माणसं त्याच्याकडे बघत होती आणि साहेबांकडे बघत होती. साहेब जेसीबीकडे बघत होते. कोणीतरी एक पोतं उचललं आणि ऑर्डर आठवून खाली ठेवलं. हसुरामने आणखी दोनदा हाक दिली. त्याच्या आवाजात भीती नव्हती म्हणतात. थोडा वैताग होता. जेवायला बोलावलेला माणूस उशीर करतो तेव्हा येतो तसा.

खाली मला फक्त एक गोष्ट कळली. पाणी गुरनामच्या गळ्याच्या हाडापर्यंत आलं आणि तिथे थांबलं. वर चढेना. मला वाटलं, साहेबांचा चर लागला. मनात म्हटलं, शाबास साहेब. मी सळई कापली, दुसरी पहारीने वाकवली, पाय सुटला. गुरनामला दोर बांधला, वर ओढला, त्याच्या मागून मी आलो. मी काठावर कोपर टेकलं त्याच वेळी सगळा बांध गेला. आवाज फार मोठा नव्हता. ओली भिंत बसते तसा.

त्यानंतर थोड्या वेळाने चर खोल झाला आणि पाणी सगळं तिकडे वळलं. साहेबांचं गणित बरोबर होतं. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, तसा आमचा झोपा अगदी मापात झाला होता.

हसुराम दुसऱ्या दिवशी खूप खाली सापडला. ताडपत्रीचा तुकडा त्याच्या मुठीत होता. मूठ उघडत नव्हती, म्हणून तशीच ठेवली.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. मला विचारलं, ऑर्डर ऐकली होती का? मी म्हणालो, मी खड्ड्यात होतो. मग मी न विचारता सांगितलं, की साहेब, पाणी मधे थांबलं होतं, म्हणून गुरनाम वाचला. समोरच्या अधिकाऱ्याने मान हलवली आणि विचारलं त्याचंच उत्तर द्यायला सांगितलं. शेवटी निष्कर्ष असा निघाला की नाईक म्हात्रे आदेशाविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर पाण्यात उतरला, आणि त्यामुळे बचावात काही फरक पडला नाही. मेडलचा प्रश्नच मिटला. मेलेल्या माणसाला शिस्त शिकवायची आपल्याकडे चांगली सोय आहे.

त्याच्या घरी मी गेलो. गव्हाणला तेव्हा पक्का रस्ता निम्माच होता. घरात बायको, मांडीवर तान्ही मुलगी, कोपऱ्यात आई. रडणं होऊन गेलं होतं. मी काय झालं ते सांगितलं. हसुरामचा बाप ऐकत होता. ऐकून झाल्यावर तो उठला आणि मला घेऊन खाडीच्या बांधावर गेला.

एका बाजूला भरतीचं पाणी, एका बाजूला भात, मधे मातीचा बांध. म्हातारा सांगत होता ते मी पहिल्यांदाच ऐकत होतो. बांधाला भगदाड पडलं की त्याला खांड गेली म्हणायचं. खांड गेली की खारं पाणी सगळ्या गावाच्या शेतात. म्हणून जो माणूस ती पहिल्यांदा बघेल त्याने तिथे उभं राहून बोंब मारायची नाही, आधी खांडीत उतरायचं, अंगाने पाणी अडवायचं आणि मग हाक द्यायची. हाक ऐकली की दर घरातून एक माणूस यायचाच. कोणाचं शेत, कोणाशी भांडण, कोणाची रात्रपाळी, काही विचारायचं नाही. दोघे त्याच्या खांद्याला खांदा लावून उतरणार, बाकीचे रांगेने चिखलाचे गोळे देणार. जो येणार नाही त्याच्या दारात लग्नाला आणि मरणाला गाव जाणार नाही.

"पयला उतरतं तो काय मराला उतरत नाय," म्हातारा म्हणाला. "त्याला ठावं असते, मागनं गाव येते."

मी मान खाली घातली. मग त्याने मला विचारलं. मुलाला यातना झाल्या का, शेवटी काय बोलला, सरकार काय देणार, यातलं काही नाही. एकच.

"मंग मागनं कोन उतरला?"

मी म्हणालो, बाबा, ऑर्डर होती. म्हाताऱ्याने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो वळला आणि बांधावरून घराकडे चालत गेला. मला या म्हणाला नाही. मी एसटी पकडून परत आलो.

पुढे मी नायब सुभेदार होऊन निवृत्त झालो. माणदेशात जाऊन हंडे मोजण्यापेक्षा इकडे नोकरी मिळाली म्हणून पनवेलला आलो. खरं सांगायचं तर नोकरी साताऱ्यातही मिळत होती. गव्हाणचा बांध आता नाही. मुरमाचा भराव पडला, वर टॉवर आले. म्हातारा गेला. हसुरामची मुलगी प्रणिता शिकली. आमच्या यार्डात डॉक्युमेंटेशनला जागा निघाली तेव्हा मीच तिला निरोप दिला. मला काका म्हणते. तिचे बाबा माणूस वाचवताना गेले, एवढं मी तिला सांगितलं होतं. ऑर्डरचं सांगितलं नव्हतं. गरज काय, असं वाटलं.

गेल्या हिवाळ्यात कंपनीने सगळ्या स्टाफला ट्रेनिंग ठेवलं. पळस्पे फाट्याजवळ एका हॉटेलचा एसी हॉल. विषय, विचार करण्याच्या पद्धती आणि प्रॉब्लेम सॉल्व्हिंग. मी स्टाफच्या बसबरोबर ड्युटीवर आलो होतो आणि दारापाशी उभा होतो. ट्रेनर स्टेजवर आले तेव्हा आवाजावरून ओळखलं. आमचे कॅप्टन साहेब. कर्नल होऊन निवृत्त झालेले, केस पांढरे, पण पेन्सिल अजून खिशात. मला भरून आलं. चहाच्या वेळी जाऊन सॅल्यूट करायचं ठरवलं.

साहेब छान बोलले. पडद्यावर तीन रंगांचे गोल होते. निळा विचार करणारा, हिरवा नियमाने जाणारा, लाल आधी कृती करणारा. कोणता माणूस कुठे उपयोगी, कुठे धोक्याचा. लोक फोनवर फोटो काढत होते. मग ते म्हणाले, माझ्या सर्व्हिसमधलं एक उदाहरण देतो. नाला, बांध, खड्डा, अडकलेला जवान. मी दाराची मूठ घट्ट धरली. तिसऱ्या रांगेत प्रणिताची पाठ ताठ झालेली मला मागून दिसली.

"एक जवान पाण्यात उतरला," साहेब म्हणाले. "ऐकायला हिरोइक वाटतं. पण हा टिपिकल लाल माणूस. विचार शून्य. रिझल्ट काय? एक जीव गेला, आणि पाण्याच्या पातळीवर काहीही परिणाम नाही. मोहात पडू नका. थांबा, विचार करा, मग हला."

लोकांनी लिहून घेतलं. उंटावरून शेळ्या हाकणारे मी पुष्कळ पाहिलेत, त्यांचा मला राग येत नाही. पण हा माणूस तिथे होता. तो खोटंही बोलत नव्हता. त्याला खरोखरच माहीत नव्हतं, आणि इतक्या वर्षांत त्याने कोणाला विचारलंही नव्हतं. त्याचा मला राग आला, आणि अजून आहे.

मी दारातून दोन पावलं पुढे आलो. सावधानमध्ये उभा राहिलो. माझं नाव, रँक आणि कंपनी सांगितली. साहेबांनी चष्मा वर केला, मला ओळखलं आणि हसले. त्यांना वाटलं मी दुजोरा द्यायला आलो.

"साहेब, मी खड्ड्यात होतो," मी म्हणालो. "पाणी गुरनामच्या गळ्याच्या हाडाशी येऊन थांबलं होतं. मी दोन सळ्या सोडवेपर्यंत थांबलेलं होतं. तेव्हा चर सुरूही झाला नव्हता."

साहेबांचं हसू गेलं. त्यांचा हात खिशातल्या पेन्सिलीकडे गेला आणि तिथेच राहिला. त्यांचं गणित चालू झालं होतं, मला दिसत होतं. ते सुटलं तेही दिसलं.

"हे इन्क्वायरीत सांगितलं होतंस?"

"सांगितलं होतं साहेब. विचारलं नव्हतं म्हणून घेतलं नाही."

"ऑर्डर चुकीची नव्हती," ते हळू म्हणाले.

"नव्हती साहेब. पण तो लाल नव्हता. त्याचा विचार झालेला होता. त्याच्या गावाने तो आधीच करून ठेवला होता, फक्त त्यात हाकेला धावून येणारी माणसं धरलेली होती. त्याने पाण्यातून तीनदा हाक दिली. त्या जवानाचं नाव नाईक हसुराम म्हात्रे. गाव गव्हाण. इथून फार लांब नाही."

तिसऱ्या रांगेत प्रणिता उठून उभी राहिली. ती ऑफिसात स्वच्छ बोलते, अर्धं इंग्रजीत. तेव्हाही तशीच सुरुवात केली. "सर, ते माझे वडील." मग थांबली. तिने खांड पाहिलेली नाही. तिच्या आठवणीत तिथे मुरूमच आहे. आजोबा गेले तेव्हा ती शाळेतही नव्हती, आणि बांधावरचं ते बोलणं मी कोणाला कधी सांगितलं नव्हतं.

"त्यांनी हाक दिली ना सर," ती म्हणाली. "तुमची सगली मानसा तिथंच होती. मंग मागनं कोन उतरला?"

पडद्यावर लाल गोल तसाच होता. ती उत्तराची वाट बघत उभी होती. तिच्या आजूबाजूचे लोक मोबाइलकडे बघत होते. कोणी तिच्या मॅनेजरकडे बघत होता, मॅनेजर स्टेजकडे बघत होता. मला ते सगळं ओळखीचं वाटलं.

माझी ड्युटी दारावर होती. ती सोडून मी तिसऱ्या रांगेत गेलो. खुर्च्या सरकवल्या आणि तिच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिलो. ती रडत नव्हती. तिचा खांदा बापासारखा रुंद आहे.

आयोजकांनी माइक घेतला आणि जेवण तयार असल्याचं सांगितलं. लोक उठले. आम्ही दोघं उभेच राहिलो, साहेब स्टेजवर उभेच राहिले.

नाईक हसुराम म्हात्रेचं नाव कुठल्याही दगडावर कोरलेलं नाही. गुरनाम अजून आहे, त्याला नातू झाला. दर वर्षी त्या दिवशी तो मला पंजाबातून फोन करतो. आम्ही फार बोलत नाही. तो विचारतो, गव्हाणला गेला होतात का? मी म्हणतो, गेलो होतो, बांध कुठे होता ते आता नीट कळत नाही. आम्ही दोघं वर आलो त्या वेळी तो अजून खांडीत उभा होता, आणि मागनं कोण येतंय ते बघत होता.